प्रेरणास्थानाच्या जागी सेप्टिक टँक

१

"मानवजातीच्या इतिहासात तीनच दिवस महत्त्वाचे," वामनशेठ मढवी म्हणाले. "माणसाला विस्तव सापडला तो, चाक फिरलं तो, आणि आजचा."

एवढं बोलून त्यांनी उजव्या हातात माऊस घेतला. जिवंत खेकडा नांगी चुकवून धरावा तसा तो धरला होता. ऐरोलीच्या त्यांच्या ऑफिसात तेव्हा पाच माणसं श्वास रोखून उभी होती आणि एक म्हातारी सोफ्यावर बसली होती. शनिवार होता, सकाळचे दहा. संध्याकाळी पाचला वाशीत घरांचं प्रदर्शन उघडणार होतं आणि तिथे 'गोजराई हाइट्स'च्या टेबलावर पत्रकं नव्हे, मॉडेल नव्हे, तर चक्क कॉम्प्युटर बसणार होता. गिऱ्हाइकानं स्वतः बटण दाबायचं आणि हवी ती खोली बघायची. सन अठ्ठ्याण्णवमध्ये खाडीच्या या बाजूला हे कोणी केलं नव्हतं.

पडद्यावर नऊ बटणं होती. शेठ मातृभक्त होते. त्यांनी पाचवं निवडलं. 'आमचं प्रेरणास्थान'. त्यामागे सोफ्यावरच्या म्हातारीचा, म्हणजे मातोश्री गोजराबाईंचा फोटो होता.

शेठनी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग त्यावर सेप्टिक टँक उघडली. उभा छेद, बाणांसकट. कुठून काय येतं आणि कुठे साचतं, ते तीन रंगांत दाखवलं होतं.

मातोश्रींनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरा हाय."

धक्क्यानं म्हातारीचं डोकं फिरलं, असं सगळे धरून चालले.

२

"हौसेराव!" शेठ ओरडले. "तुमी पोलीस खात्यात होता ना?"

"होतो, शेठ," हौसेराव शेलार म्हणाले. ते दारातच, खाकी टोपी काखेत घेऊन उभे होते. वॉचमन लोकांवरचे सुपरवायझर होते ते.

"मग शोधून काढा. हे कोणाचं काम."

हौसेराव पोलीस खात्यात अठ्ठावीस वर्षं होते, यात खोटं काही नव्हतं. मात्र ती सगळी वर्षं त्यांनी पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात घालवली होती. उभ्या नोकरीत त्यांनी एकालाही पकडलं नव्हतं. एकदा एका ड्रमवाल्याला पडता पडता पकडलं होतं तेवढंच. नोकरीला लागताना शेठनी 'कुठलं खातं' एवढंच विचारलं. 'कुठलं वाद्य' हे विचारलं नाही. हौसेरावांनीही आपणहून सांगितलं नाही.

"शोधायचं काय त्यात?" शेठ आता कॉम्प्युटरवरचं हे सगळं बनवणाऱ्या नाझियाकडे वळले. "ही बनवते, हीच बिघडवते. हिचा चुलतभाऊ हमझा सीवूड्सला त्या आपल्या दुश्मनाच्या ऑफिसात बसतो. बसतो की नाही?"

"बसतो," नाझिया मुकादम म्हणाली. "पण तो तिथे टाइल्स दाखवतो, शेठ. त्याला कॉम्प्युटर चालू पण करता येत नाही."

"माझ्या आईच्या जागी संडासाची टाकी! पाच वाजायच्या आत हे कोणी केलं ते कळलं नाही, तर सोमवारपासून यायचं नाही. आणि ऐरोली ते पनवेल एकाही बिल्डरकडे तुला कोण उभं करणार नाही, ते मी बघतो. तोपर्यंत मशीनला हात लावायचा नाही."

नाझियाला नोकरीला चारच महिने झाले होते. घरी पनवेलला सगळ्यांनी शाळेतल्या नोकरीचा आग्रह धरला होता. 'कॉम्प्युटरवर चित्रं हलवणं हा काय धंदा आहे,' असं तिची आजी करिमुन्निसा अजून रोज जेवताना विचारायची. सोमवारी घरी बसणं म्हणजे आजी जिंकणं, आणि मंगळवारी शाळेत अर्ज.

"दुसरी कॉपी नाही का?" हौसेरावांनी विचारलं. आपण विचारलेला प्रश्न शहाण्यासारखा वाटला, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"फ्लॉपीत मावत नाही, काका. फोटो जड आहेत. गुरुवारी संध्याकाळी मी सगळी बटणं तपासून गेले. काल माझ्या भावाची मंगनी होती, सुट्टीवर होते. आज हे."

म्हणजे जे झालं ते शुक्रवारी झालं. हौसेरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि तपास सुरू केला. लगेच वीज गेली.

३

वीज पाऊण तासानं आली. मग कॉम्प्युटर स्वतःचीच तपासणी करू लागला. निळ्या पडद्यावर एक पिवळी पट्टी गोगलगाईच्या चालीनं सरकत राहिली. हौसेराव तिच्याकडे बघत वीस मिनिटं बसले. खुनाच्या तपासात निदान प्रेत सुरू व्हायची वाट बघावी लागत नाही, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटी नऊ बटणं आली. नाझियाला हात लावायची बंदी, म्हणून माऊस हौसेरावांनी धरला. ते उजवीकडे न्यायचे, बाण डावीकडे जायचा.

"उलटा धरलाय, काका."

त्यांनी सुलटा धरला. "आता एकेक सांग, पोरी. दाबलं की काय यायला हवं."

पहिलं बटण, नकाशा. नकाशा आला. दुसरं, प्रवेशद्वार. आलं. वन बेडरूम आणि टू बेडरूमही जागच्या जागी होते. पाचवं, प्रेरणास्थान. टाकी. सहावं, सेप्टिक टँक. तिथे बाग उघडली. सातव्या, बागेच्या बटणावर पार्किंग. आठव्या, पार्किंगच्या बटणावर शेठचा फोन नंबर.

"कोणीतरी पानं मागेपुढे केली," हौसेराव म्हणाले.

"तसं होत नाही ना!" नाझिया रडकुंडीला आली होती. सकाळपासून तीन जणांना तिनं हेच सांगितलं होतं. "बटण नंबर बघत नाही, काका. ते त्या पानालाच धरून असतं. पान उचलून कुठेही ठेवा, बटण त्याच्या मागोमाग जातं. आणि पान काढूनच टाकलं तर बटण मुकं होतं, दुसरीकडे जात नाही. इथे बटणं चालतायत. पण चुकीच्या जागी. हे होऊच शकत नाही!"

"पण झालंय."

"तेच तर!"

राहिलं नववं बटण, 'संपर्क'. हौसेरावांनी दाबलं.

पांढरंशुभ्र पान उघडलं. त्यावर अक्षर नाही, चित्र नाही. फक्त एक काळी रेघ, डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपी, सरळ.

मागून शेठचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले कोणास ठाऊक. "बघितलं? रेघ मारली आपल्यावर. ही धमकी आहे."

४

शेठचा मुलगा विपुल गॅलरीत सापडला. पेजर बघत होता. त्यावर काही आलं नव्हतं, तरी बघत होता.

"तू शुक्रवारी मशीनवर होतास?"

"मी? मी तर गेम खेळत होतो. म्हणजे, बिझनेसच्या मध्ये मध्ये." विपुलनं आवाज खाली केला. "काका, तुम्हाला सांगू? पप्पांनी हे नाझियाला दिलं ते मला आवडलं नव्हतं. मी उडती अक्षरं टाकणार होतो, म्युझिक टाकणार होतो. पण मी बिघडवलं असतं ना, तर एवढं शिस्तीत नसतं बिघडवलं. फुल्ल वाट लावली असती."

हौसेरावांना हे पटलं. विपुल शिस्तीत काहीच करत नसे.

"आणखी कोण बसलं होतं?"

"टिपणीसकाका. पत्र टाइप करायचं म्हणाले. मी त्यांना कापायचं कसं, चिकटवायचं कसं ते शिकवलं. एकदम खूश! दोन तास कापत होते, चिकटवत होते. मला वाटलं मोठं पत्र असेल. बाकी मी काय केलं नाही. गुरुवारी आजीचं पान प्रिंट काढून बाहेर काचेला लावलं, भारी दिसत होतं. शुक्रवारी बघतो तर कोणीतरी काढलेलं."

नंदकिशोर टिपणीस आतल्या खोलीत सातबाऱ्याच्या नकला चाळत बसले होते. जमिनीच्या सरकारी दप्तरात तेहतीस वर्षं काढून ते शेठकडे कागदपत्रं सांभाळायला आले होते. त्यांच्या डोक्यामागे रोज एक तारीख फाडायचं कॅलेंडर होतं. पण फाडलेलं नव्हतं. सरलेल्या तारखा वर उलटून रबरबँडात अडकवल्या होत्या.

"या हौसेराव. जबाब घ्यायचा का? तारीख घाला आधी."

"शुक्रवारी तुम्ही मशीनवर काय केलंत?"

"शासकीय कामात गोपनीयता असते."

"हे शासकीय नाही, टिपणीससाहेब. बिल्डरचं ऑफिस आहे."

"सवय," टिपणीस म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. पाच मिनिटं पुसत होते. "एक सांगतो. मी आयुष्यात कुठल्याही नोंदवहीचं पान फाडलं नाही. कोणी फाडलं असेल तर तो मी नव्हे."

"फाडलं असं मी कुठे म्हटलं?"

टिपणीसांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "चहा घेणार?"

एवढंच. हौसेराव बाहेर आले तेव्हा पावणेएक वाजला होता. नाझिया पायरीवर डबा न उघडता बसली होती. आतून शेठ फोनवर कोणाला तरी विचारत होते, "तुमच्याकडे पावरपॉइंटवाला पोरगा हाय का? सोमवारपासून."

५

गोजराबाई अजून सोफ्यावरच होत्या. घरी जायला तयार नव्हत्या.

"आजी, शुक्रवारी तुम्ही इथे आला होता?"

"मना कनाला इचारतंस? तुज्या वहीन लिवलेला आसंल."

खरंच की. हौसेराव फाटकावर गेले आणि स्वतःची नोंदवही उघडली. शुक्रवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: 'सकाळी ९.१०. चांगुणाबाई, मासळीवाली. टोपली नाही. डोळे ओले. शेठ नाहीत असे सांगता काचेसमोर दोन मिनिटे उभी राहून शेठच्या घराकडे गेली.' खाली: '९.५५. शेठच्या मातोश्री. रिक्षाने. रागात. आधी काचेपाशी गेल्या. आत जाताना हातात एक कागद चुरगळलेला.' आणि त्याखाली: '१०.०० ते १२.००. मातोश्री व टिपणीससाहेब, दार बंद.'

ते परत आले. "आजी, चांगुणाबाई शुक्रवारी रडत का आली होती?"

म्हातारीनं मान फिरवली. "ती याडी हाय."

"आणि आज फोटोच्या जागी टाकी बघून तुम्ही 'बरा हाय' का म्हणालात?"

गोजराबाईंनी उलटा सवालच केला. "तू सांग. मी जित्ती हाय का मेलेली?"

"जिवंत आहात, आजी."

"मंग झाला तं!" आणि त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

हौसेराव नाझियाजवळ पायरीवर येऊन बसले. गुडघा दुखत होता. तपासात आतापर्यंत मिळालं काय, तर एक मुकी म्हातारी, एक चष्मा पुसणारा म्हातारा आणि एक रेघ. बँडमध्ये असं नव्हतं. तिथे चूक कोणाची ते लगेच ऐकू यायचं. एकदा परेडला ट्रंपेटवाल्या कोंडिबानं स्वरलिपीच्या वहीत दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं सगळं बरोबर वाजवलं. एकही सूर चुकला नाही. फक्त सगळं एक पान आधी वाजलं.

हौसेराव ताडकन उभे राहिले. गुडघ्यानं विरोध केला, तो त्यांनी फेटाळला.

"पोरी, मातोश्रींचा फोटो त्या मशीनमध्ये कुठल्या पानावर सापडला आपल्याला?"

नाझियानं मनातल्या मनात नऊ बटणं दाबली. तिचे डोळे मोठे झाले.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

६

दोन वाजता सगळे मशीनभोवती जमले. शेठ खुर्चीत, हौसेराव उभे. त्यांना फार दिवसांनी श्रोते मिळाले होते, त्यामुळे ते मुद्द्यावर यायची घाई करत नव्हते.

"धमकी देणारा माणूस आधी पहिलं बटण बिघडवील," ते म्हणाले. "इथे पहिली चार शाबूत. पाचव्यापासून पुढे प्रत्येक बटण एक पान आधी वाजतंय. दुश्मनाला एवढी शिस्त नसते, शेठ. पाचव्या पानावरचा मजकूर कोणीतरी काढला आणि मागचं सगळं एकेक घर पुढे आणलं."

"पण मी सांगितलं ना," नाझिया म्हणाली, "पान काढलं तर बटण..."

"पान काढलं असतं तर. पानाला कोणी हात लावला नाही, पोरी. सगळी पानं जागच्या जागी आहेत. त्यांच्यावरचं जे होतं, ते कापलं आणि आधीच्या पानावर चिकटवलं. सहाव्याचं पाचव्यावर, सातव्याचं सहाव्यावर. बटणं बिचारी आपापल्या पानावर इमानानं जातायत. तिथे भाडेकरू बदललेत."

नाझियानं कपाळावर हात मारला. "पण असं कोण करेल? पान नको असेल तर एक कळ दाबायची, पान गेलं! दोन सेकंदांचं काम!"

"तुला दोन सेकंद. पण ज्यानं तेहतीस वर्षं पानांवर नंबर घातलेल्या वह्या सांभाळल्या, जिथे एक पान कमी भरलं तर माणूस सस्पेंड होतो, तो पान काढेल? मेला तरी नाही. तो कॅलेंडरची तारीखसुद्धा फाडत नाही. तो दोन तास बसून सगळा मजकूर वर सरकवील. पानांची संख्या पूर्ण ठेवील. आणि शेवटी जे पान कोरं उरेल, त्यावर मागून कोणी काही घुसडू नये म्हणून काय करील?"

सगळ्यांनी पडद्यावरच्या तिरप्या रेघेकडे बघितलं. मग टिपणीसांकडे.

टिपणीस ताठ उभे राहिले. "कोरं पान तसंच सोडणं हा गुन्हा आहे," ते म्हणाले. "सही करायची होती. पण त्याच्यात सही कशी करतात ते विपुलनं शिकवलं नव्हतं."

"टिपणीस!" शेठ गरजले. "माझ्या आईचं पान? तुमी? कोणाच्या सांगण्यावरून?"

हौसेरावांनी सोफ्याकडे बघितलं. आता पुढचं त्यांनी बोलायचं नव्हतं.

"माज्या," गोजराबाई म्हणाल्या.

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि चुरगळलेला कागद काढून मुलाच्या मांडीवर टाकला. गुरुवारी काचेला लावलेली प्रिंट. मधोमध मातोश्रींचा जुना काळापांढरा फोटो. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट. खाली दोन्ही बाजूंना समया, पेटलेल्या. आणि अक्षरं: 'मातोश्रींच्या पुण्याईने'.

कोणालाच काही सांगावं लागलं नाही. विपुल "ओ तेरी" म्हणाला आणि तोंडावर हात ठेवून गॅलरीत गेला.

"चांगुणा रडत घरी आयली," म्हातारी म्हणाली. "मीच दार उगरला. तिनं मना बघला नि किंचाळली. आख्ख्या आळीला समाजलाय मी गेले म्हून. दोन घरान्शी सुतकाचा भात आयला! तुना सांगाचा तं तुज्या डोल्यान पानी, 'आये, तुजा फोटू मशीनीन टाकलाय' बोलत व्हतास. मना तुजा मन मोराचा नव्हता. म्हून टिपनीसला बोलले, त्यो फोटू गुपचूप कार."

शेठनी कागद मांडीवर सपाट केला.

"शेठ," नाझिया हळूच म्हणाली, "आमच्यात फोटोला फुलं घालतच नाहीत. मला वाटलं मान द्यायचा तर... लग्नाच्या पत्रिकेवर असतात ना फुलं, समया. कोणी सांगितलंच नाही."

"मला दाखवलं होतंस ना तू?" शेठ म्हणाले. "गुरुवारी."

"तीनदा. तुम्ही म्हणालात फुलं अजून वाढव."

टिपणीसांनी चष्मा पुसायला घेतला. शेठनी घसा साफ केला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा घसा साफ केला. "सोमवारी," ते शेवटी म्हणाले, "नेहमीच्या टायमाला ये." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "माझं चुकलं."

"सोमवारी येते, शेठ. आता बाजूला व्हा," नाझिया म्हणाली. "अडीच वाजले." आणि तिनं मशीनला हात लावला.

७

मजकूर जागच्या जागी न्यायला तिला पन्नास मिनिटं लागली. दुसऱ्यांदा वीज गेली तेव्हा ती उर्दूत काहीतरी म्हणाली. मातोश्रींचा नवा फोटो विपुलनं तिथेच काढला, पण धुवून यायला सोमवार उजाडणार होता. म्हणून प्रेरणास्थानाच्या पानावर फक्त अक्षरं ठेवली: 'गोजराबाई मढवी. वय त्र्याहत्तर. तब्येत उत्तम.' ही ओळ मातोश्रींनी स्वतः सांगितली.

कॉम्प्युटर टेम्पोत गादीवर निजवून वाशीला नेला. ऐरोलीपासून प्रत्येक खड्ड्याला नाझिया डोळे मिटत होती आणि हौसेराव मॉनिटरला कुशीत धरून बसले होते. पाच वाजता टेबल मांडलं. पाच-पाचला वायर तोकडी पडली. पाच-वीसला मशीन सुरू झालं, पिवळी पट्टी सरकली आणि नऊ बटणं उघडली. नाझियानं नऊही दाबून बघितली. प्रत्येक बटण आपल्या घरी गेलं.

मग एक गृहस्थ आले. सफारी, बगलेत पिशवी, मागे बायको नाही. टेबलासमोर थांबले. शेठ छाती पुढे काढून उभे राहिले, टिपणीसांनी नोंदवही उघडली, विपुल पेजर बघायचा विसरला. हौसेरावांनी नकळत श्वास आत घेतला.

"दाबा ना, साहेब," नाझिया म्हणाली. "जे बघायचंय ते."

गृहस्थांनी माऊस धरला, आणि सुलटा धरला. नकाशा बघितला. प्रवेशद्वारातून आत आले. टू बेडरूममध्ये फिरले, स्वयंपाकघराशी थबकले, परत मागे आले. प्रेरणास्थान उघडून मातोश्रींची तब्येत वाचली. सेप्टिक टँकसुद्धा बाणांसकट नीट समजून घेतली. बाग, पार्किंग, संपर्क. एकही बटण चुकलं नाही. सात मिनिटं गेली.

"फारच छान," ते म्हणाले. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

गृहस्थांनी माऊस हलकेच खाली ठेवला आणि पिशवीचं तोंड उघडून नाझियासमोर धरलं.

"याचं छापील काही असेल तर एक द्या ना. घरी दाखवायला."